सरांचं दूध आलं का?

कोकणातल्या परसातल्या झाडांवर पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा आम्ही तिघं तीन गावांत होतो. मी दापोलीत, मजकूर टाईप करून तपासणारी. पुण्यात प्रकाशनाच्या संपादकबाई. आणि दापोलीजवळच्याच मुरुडला सर, म्हणजे लेखक. कॉलेजात त्यांनी मला वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. काकू गेल्यावर ते गावच्या घरी एकटेच राहत. मुंबईचा मुलगा त्यांना कायमचं घेऊन जायला टपलेला. "इथे काही झालं तर कळणार कोणाला?" हा त्याचा प्रश्न, आणि "पुस्तक होऊ दे, मग बघू" हे सरांचं उत्तर. त्यामुळे आम्हा तिघांत पुस्तक संपवायची घाई फक्त पुण्याला होती.

दोन हजारचं दशक सरत आलं होतं. टपालात फार वेळ जातो म्हणून बाईंनी सगळा मजकूर इंटरनेटवर ठेवला. तिघांनी तोच उघडायचा, तिथेच दुरुस्त्या करायच्या. जोडीला तिघांचं मिळून एक कॅलेंडर, कुठलं प्रकरण कधी द्यायचं ते लिहायला. मुलाने घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर सरांना मजकुराचं तंत्र चटकन जमलं. कॅलेंडर मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने समजून घेतलं. त्यांच्या लेखी कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात माणूस लिहितो काय? दूध.

'फणस, पहिला खर्डा' याच्या खाली एका सकाळी उमटलं, 'दूध आलं.' दुसऱ्या दिवशी, 'दूध आलं. नवा सिलिंडर लावला.' मग रोजच. 'दूध नासलं.' 'पंप बिघडला.' 'मुलाचा फोन आला.' 'आज फोन नाही.'

बाईंचा मला फोन. "अहो, ते कामाचं कॅलेंडर आहे. सांगा ना त्यांना."

मी सांगितलं. सर म्हणाले, "अगो, दूध नाही तर चहा नाही, नि चहा नाही तर फणस लिहू कसा? कामाचंच आहे ते."

मी ते बाईंना तसंच कळवलं. बाई काही दिवस सरांचं दूध नेमाने पुसत राहिल्या. सर नेमाने लिहीत राहिले. शेवटी बाईंनी नाद सोडला. मुरुडपुढे पुण्याने हात टेकल्याचं एवढं एकच उदाहरण माझ्यापाशी आहे.

एका सकाळी मी चुलीवर भाजी टाकलेली आणि बाईंचा फोन. "सरांचं दूध आलेलं नाही."

"नसेल आलं," मी म्हटलं.

"नसतं तर 'नाही' लिहिलं असतं. आज काहीच नाही. तुमच्याकडे लाईट आहे ना? घरचा फोनही कोणी उचलत नाही. तुम्ही जाऊन या."

मला राग आला. पुण्यात बसून मला मुरुडला पिटाळणारी ही कोण? पण भाजी उतरवली आणि वाटेतल्या आसूदच्या उतारावर स्कूटर घातली ती बाईंना बोल लावतच.

पायरीवर दुधाची पिशवी तशीच होती आणि तिच्याशी मांजराची झटापट चाललेली. हाक मारली तर उत्तर मागच्या आगरातून आलं. पोफळींना पाणी सोडायला गेलेले सर शेवाळावरून घसरून पाटाच्या कडेला पडले होते. घोटा सुजून टम्म. शेजारची सगळी लग्नाला गेलेली. मला बघून म्हणाले, "काय गो, आज मीटिंग होती का?"

मला रडूच आलं. मग मी त्यांना खूप बोलले.

घोटा मोडला होता. संध्याकाळपर्यंत प्लास्टर झालं आणि दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो बॅग भरायलाच. "बाबा, आता मी एक ऐकणार नाही." सर वाद घालणारे. पण त्या दिवशी नुसते आगराकडे बघत बसले. ते मला बघवेना.

"चला, तुम्हाला एक दाखवते," असं म्हणून मी मुलाला कॉम्प्युटरपुढे बसवलं. "कळणार कोणाला, असं विचारता ना? पुण्याला कळलं."

तो एकेक महिना मागे जात वाचू लागला. दूध, पंप, गुडघा. 'मुलाचा फोन आला.' 'आज फोन नाही.' 'फोन नाही.' तिथे त्याने चष्मा काढला. मग काचा पुसत म्हणाला, "मला यात घ्याल का?"

मी बाईंना विचारलं. वाटलं, आता पुन्हा कामाचं कॅलेंडर निघणार. त्या म्हणाल्या, "त्यांचा ईमेल सांगा, आत्ता घेते."

बॅग रिकामी झाली. पाय बरा होईपर्यंत मुलगा राहिला आणि एकटाच मुंबईला गेला. पुढे पुस्तकही निघालं. कॅलेंडर बंद करायचं मात्र बाईंनी काढलं नाही, मीही आठवण केली नाही.

मुलगा मुंबईला परतला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मुरुडलाच होते. सरांनी कॅलेंडर उघडलं. त्यांच्या आधीच त्या दिवसावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'आमच्याकडे दूध आलं.'

"वेडा आहे," सर म्हणाले. "मी कुठे विचारलं होतं?" मग एकेक अक्षर शोधत त्यांनी खाली लिहिलं, 'माझंही आलं. चहा घेतलास का?'