रंगूबाईचं काळीज

अनसिंगची रंगूबाई भाजी विकायची आणि तोंडानं भारी फटकळ होती. तिच्याशी घासाघीस करायला माणूस वाघाचं काळीज घेऊनच यायचा.

अकोल्याच्या दवाखान्यात, काचेबाहेर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला, इंद्रभानला, तेच आठवत होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा वावरात नुसती कपाशीची पऱ्हाटी होती. तिनंच विहिरीकाठी सांबार लावला. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हसायचं असेल तर हसा. मग मेथी आली, वांगी आली. दोघं जुड्या बांधून एसटीनं वाशिमच्या बाजाराला जायची. ती ओरडून विकायची, हा मागं बसून पाणी शिंपडायचा. गिऱ्हाइकाच्या कडेवर पोर दिसलं की ही बडबडत का होईना, चार काड्या जास्तच टाकायची. काय दिवस होते ते!

आता ती गप्प पडून होती. वांगी तोडताना छातीत कळ आली, अंग थंडगार पडलं. झटका एवढा मोठा की हृदयात रक्त ढकलायचं बळच उरलं नाही, ठोकेही मंदावले, नाडी हाताला लागेना. डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून हृदयापर्यंत तार सोडली आणि उशाशी पेसमेकरची पेटी ठेवली. पेटीवरचा दिवा लुकलुकला की ठोका पडायचा, आणि बाहेर इंद्रभानच्या जिवात जीव यायचा.

औषधांनी रक्तदाब सावरला, रंगूबाईनं डोळे उघडले. पण तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या चेहरा पाडून.

"काका, त्यांच्या मेंदूला बराच वेळ रक्त कमी पडलं होतं. मी नवऱ्याचं नाव विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. आठवत नसावं."

जीव वाचला, पण सारा संसार तिच्या डोक्यातून पुसला गेला? मग मागच्या गोष्टी आता बोलायच्या तरी कोणाशी?

डॉक्टरीणबाईंच्या मागोमाग आत जाऊन इंद्रभान तिच्या कानाशी वाकला.

"रंगू वं, मले ओळखलं का? सांग ना बाईले, माह्यं नाव काय हाय?"

रंगूबाईनं आधी डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. सुकलेले ओठ हलले.

"येडे झाले काय? लोकायपुढं नवऱ्याचं नाव घेऊ? लाज नाही वाटत ईचारायले?"

इंद्रभान तिचा हात धरून ढसाढसा रडला.

"बोल," तो म्हणाला, "आनखीन बोल मले."