चोरवाटेची साक्ष

ती घटना विसरावी म्हटलं तरी विसरत नाही. मुळशीतल्या एका पोलीस ठाण्यात माझी नेमणूक होती. भुकूमजवळच्या नव्या सोसायटीच्या कडेने मेंढ्या घेऊन जाणारी एक बाई जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत पडली. टाकी कोरडी होती आणि तोंडावर झाकणाऐवजी नुसतं गोणपाट अंथरलेलं होतं. खुबा मोडला आणि तो नीट जुळलाच नाही. तिचं पोट मेंढ्यांमागे चालण्यावर होतं. ते चालणं संपलं.

सोसायटीचा मॅनेजर म्हणाला, झाकण भंगारवाल्यांनी पळवलं. मला ते पटलं नाही. चोर लोखंड उचलून पसार होतो, भोकावर गोणपाट अंथरत बसत नाही. पुढे एकदा तिथलाच वॉचमन ठाण्याबाहेर घुटमळताना दिसला. त्याला आत बोलावलं.

"साब, ढक्कन मॅनेजर साब ने हटवाया था. टँकर का पाइप डालने को."

मॅनेजरला बोलावून समोर बसवलं आणि मी नुसते कागद चाळत राहिलो. बोलघेवड्या माणसाला शांतता सोसत नाही. त्याने सगळं सांगितलं. झाकण पंपाच्या खोलीत मिळालं, पंचनामा झाला, मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

बाईने सोसायटीवर आणि ग्रामपंचायतीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. मलाही साक्षीला बोलावलं होतं. पंचायतीचे वकील म्हणाले, ही वाट आमच्या दप्तरी नाही. सोसायटीचे वकील आवाज न चढवता बाईकडे वळले.

"मावशी, या वाटेला गावात काय म्हणतात?"

"चोरवाट."

आमच्याकडे जवळच्या आडवाटेला चोरवाटच म्हणतात. तिची सासूही तिथूनच मेंढ्या नेत असे. वकिलांनी मात्र तो शब्द नोंदवून घेतला आणि युक्तिवाद केला की बाई परवानगीशिवाय, चोरून, खासगी जागेत शिरली. मी अर्थ सांगू लागलो, तर "विचारलंय तेवढंच सांगा" असं ऐकावं लागलं. दावा फेटाळला गेला. वॉचमन तोवर आपल्या मुलखात निघून गेला होता, त्यामुळे फौजदारी खटल्यात मॅनेजरही सुटला.

दाव्याच्या निकालानंतर बाई कोर्टाच्या पायरीवर काठी धरून बसली होती.

"सायेब, मग काय म्हणाया पायजे हुतं?"

"नुसतं वाट म्हणायचं."

"पर गावात काय म्हंत्यात, त्येच ईचारलं की त्यांनी. खोटं कशापायी बोलू?"

सगळी नोकरी मी साक्षीदारांना सांगत आलो, खरं बोला, घाबरू नका. त्यानंतर ते सांगताना जीभ अडखळायची. या प्रकरणात सगळे सुटले. अडकली ती खरं बोललेली एकटी.