पारूच्या पानांवरचे ठिपके

हे मी कुणापाशी बोललो न्हाई. पारूपाशी तर न्हाईच — आन ती आता राह्यली न्हाई. मागच्या पौषात गेली. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक न्हाई. म्हणूनच तुम्हाला सांगतो. अक्षर वाकडं हाय. म्हातारपणी शिकलो.

पारू म्हंजे माझी बायको. ती कादंबरी लिहायची. निजामाचं राज्य, घनसावंगीकडचं खेडं, आन गुऱ्हाळावर गूळ रांधणाऱ्याची बायको कादंबरी लिहिती — हसू येतंय ना? तिचं माहेर वऱ्हाडातलं, तिकडं मराठी शाळेत ती चार बुकं शिकल्ती. मी दोन यत्ता शिकलो, त्या बी उर्दूत. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पण श्रावणात देवळात पोथी मीच वाचायचो! बापाच्या तोंडून ऐकून पाठ झाल्ती. नुसती पानं उलटायचो. गाव मला शिकलेला समजायचं. खरं काय ते एका पारूला ठाऊक. पान उलटायचं राह्यलं की ती बायांतून खोकायची.

तिची लिहायची रीत न्यारी. दुपारी आमच्या ओट्यावर बाया कापसातला कचरा निवडायला बसायच्या. पारू लिहिलेलं त्यांना तोंडी सांगायची आन डोळा ठेवायची हातांवर. जिथं हात थांबले, तिथं मागून ओळीपाशी कुंकवाचा ठिपका द्यायची. जिथं हात चालतच राह्यले, ती पानं चुलीत.

"अगं, एवढ्या मेहनतीचं जाळतीस?" मी म्हणायचो.

"हात थांबले न्हाईत," एवढंच बोलायची.

सहा वर्सं लागली. कागद मीच आणायचो, जालन्याला मस्तगडातल्या दुकानातून. मला वाटायचं, हे आपल्या दोघांचं काम हाय.

मंग एक दिवस ओट्यावरून चाललो तर बाया एकदम गप. शेजारची कोंडाबाई तोंडाला पदर लावून म्हणली, "काय भावजी, पोथी सुलटी धरली ना आज?"

सगळ्या फिसकन हसल्या. पारू खाली बघून राह्यली.

कळलं मला. तिच्या कादंबरीत एक नवरा होता, उलटी पोथी धरून वाचणारा. उलटी मी कधी धरली नव्हती, ते तिनं पदरचं घातलं. पण बाकी? जगात लिहायला दुसरं काही नव्हतं? जिच्यापुढं मी बिलकुल उघडा होतो, तिनंच मला नेऊन ओट्यावर बसवलं! त्या श्रावणात घसा बसला म्हणून सांगितलं. पोथीला हात लावला न्हाई.

तिला काही बोललो का? न्हाई. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

हिवाळ्यात तिनं बाड फडक्यात बांधून माझ्या हाती दिलं. जालन्यात एक छापखाना होता, तिथं पोचवायचं. "जपून न्या हो. दुसरी नक्कल न्हाई." मी निघालो — आन — कितीदा खोडलं हे — गुऱ्हाळावर थांबलो. रसाची काहील चुलवणावर चढल्ती. गडी जेवायला गेल्ते. चुलवणात चिपाडं कोंबून राह्यलो होतो, त्याच्यासंगं बाड बी कोंबलं. कागद जल्दी जळला. रस उतू आला तो बराबर हलवला. गूळ चांगला उतरला. दोन दिवस तिथंच राह्यलो, मंग त्यातली एक ढेप घेऊन घरी गेलो. पारूनं त्या गुळाच्या दशम्या केल्या. मी खाल्ल्या.

"काय म्हणले?" तिनं विचारलं.

"वाचलं त्यानं सगळं. शेवट आवडला न्हाई म्हणला. न्हाई छापत."

"शेवट?"

"हां. शेवटच."

ती माझ्याकडं बघत राह्यली. मंग "बरं" म्हणून पिठाचे हात धुवायला गेली. बाड परत मागितलं न्हाई. कागद आणा म्हणून बी पुन्हा कधी बोलली न्हाई. मी मनात म्हणलो — सुटलो.

ती गेल्यावर तिची पेटी उघडली. लुगड्याखाली थोडी पानं होती. वाचता येईना. दुसऱ्याला दाखवायची हिंमत न्हाई. गुरुजीपाशी बसून, ह्या वयात, पाटीवर अक्षरं गिरवली. चार महिने गेले. मंग वरची ओळ लागली — प्रकरण शेवटचं.

ते बाडात नव्हतंच. मनासारखं उतरलं नसंल, म्हणून तिनं मागं ठेवल्तं. म्हंजे "शेवट आवडला न्हाई" असं मी म्हणलो, त्याच घडीला तिला सगळं कळलं. आन त्यानंतर बावीस वर्सं तिनं मला भाकरी वाढली.

त्या पानांत तो नवरा बायकोपाशी बसून अक्षरं शिकतो. श्रावणात देवळात पोथी उघडतो, आन पहिली ओळ — अडखळत, बोट ठेवून — खरीच वाचतो. कुणी हसत न्हाई.

दारात बसून, उजेडाला धरून, एकेक पान पाह्यलं. एक बी ठिपका न्हाई. ते तिनं कुणालाच ऐकवलं न्हाई.