बोट टूची तिसरी बॅटरी

त्या पावसाळ्यात माझी नेमणूक बेळगावच्या कॅम्पमध्ये होती. मी सुभेदार होतो. दूधगंगेच्या पुराने सदलगा वेढल्यावर आमच्या कॉलमला हुकूम मिळाला आणि सकाळी ०५३० वाजता आम्ही तीन बोटी घेऊन निघालो. त्या दिवशी बोट टूवर काय घडले याविषयी आजवर जे सांगितले जाते, ते खोटे आहे. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या बोटीत नव्हता. मी होतो.

सांगतात ते असे: नाईक परशरामने बॅटरी उलटी जोडली, त्याला करंट बसला आणि तो पाण्यात पडून वारला. बारा व्होल्टच्या बॅटरीने माणूस मरत नाही. एवढेही ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी माझ्या जवानाच्या मरणावर भाषणे करू नयेत.

बोटीवर आम्ही तिघे होतो: मोटर चालवणारा लान्स नाईक, परशराम आणि मी. परशराम खानापूरकडचा. प्लाटूनमधले विजेचे सारे काम त्याच्याकडे असे. ०९१५ वाजता पाण्याखाली बुडालेल्या उसाच्या ट्रॉलीवर बोट घासली आणि तळाला चीर गेली. पाणी उपसणारा पंप सुरू केला; पाणी येतच राहिल्याने तो पुढे थांबवता येईना. रेडिओ सेटही त्याच बॅटरीवर होता. १०१५ पर्यंत बॅटरी बसू लागली. माणसे अजून छपरांवर होती.

गावातल्या एका शेतकऱ्याने आपल्या दोन ट्रॅक्टरांच्या बॅटऱ्या काढून दिल्या. त्या शेतकऱ्याला सारे आप्पा म्हणत. तिन्ही बॅटऱ्या पॅरलल जोडायच्या होत्या. प्लसला प्लस, मायनसला मायनस. व्होल्ट तेवढेच राहतात, दम वाढतो.

आप्पांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतले होते, पण बैलांचा सण, बेंदूर, सोडला नव्हता. बैलांच्या शिंगांना लावायचा लाल हुरमुंज त्यांनी बॅटऱ्यांच्या दोन्ही टोकांना फासला होता.

“शिंगं हायती ती, साहेब. जपून,” आप्पा म्हणाले.

“बैल मारका न्हाय न्हवं, आप्पा?” परशरामने विचारले.

“माणूस बघून मारतोय.”

दुसरी बॅटरी परशरामने जोडली. तेवढ्यात मोटरच्या पंख्यात उसाचा पाला अडकला. तो काढायला परशराम मागे वाकला आणि तिसरी बॅटरी मी हातात घेतली. तिच्या एका टोकाचा रंग पावसाने धुऊन गेला होता. दुसरे टोक लाल होते.

“साब, रंगावर जाऊ नका. खूण कोरल्याली असती, अंगठा फिरवून बघा.”

“मला शिकवू नकोस.”

विजेच्या कामात लाल तो प्लस, असे धरून मी तार लावली. ठिणगी उडाली. तार क्षणात तापली, तिच्यावरचे प्लास्टिक वितळू लागले आणि पंप थांबला. परशराम वळला आणि उजव्या हाताने त्याने ती तार उपटली. तळहात सोलून निघाला. मग त्याने डाव्या अंगठ्याने खुणा चाचपल्या, तारा बदलल्या आणि नवी जोडणी केली. पंप सुरू झाला.

“बोट टू, रिपोर्ट. ओव्हर,” रेडिओवरून विचारणा झाली.

“तिन्ही बॅटऱ्या लागल्या. पंप चालू. ओव्हर.” उत्तर त्यानेच दिले. माझ्या चुकीविषयी रेडिओवर एक शब्दही काढला नाही.

मी त्याच्या हाताला फील्ड ड्रेसिंग बांधले. त्याला किनाऱ्यावर पाठवायला हवे होते. पाठवले नाही.

१२४० वाजता एका घराच्या सज्जातून आम्ही एका आजीला उतरवत होतो. परशरामने आपले लाइफ जॅकेट तिला घातले होते. ती शेळीसाठी अडून बसली.

“शेळी दुसऱ्या खेपेला, आज्जी. आधी तुमी.”

“दूध कोण काढणार रं तिचं?”

“मी काढतो. चला.”

उजव्या हाताने त्याने सज्जाचा गज धरला होता. धारेने बोट फिरवली. भाजलेल्या हाताची पकड सुटली. त्याने आजीला बोटीत लोटले आणि तो धारेत गेला. लान्स नाईकने दोर फेकला. तो त्याच्यापर्यंत पोचला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा देह उसात सापडला.

चौकशीत मला विचारले गेले, “बॅटरी कोणी जोडली?” मी म्हणालो, “क्रूने, सर.” या उत्तराला खोटे म्हणता येणार नाही, असे मी वर्षानुवर्षे स्वतःशी भांडत आलो. विजेचे काम परशरामचे, म्हणून लोकांनी क्रू या शब्दाच्या जागी त्याचे नाव बसवले. ती जागा मी मोकळी सोडली होती.

यंदा त्याच्या स्मृतिदिनी सदलग्यात एक वक्ता म्हणाला, “चूक झाली, पण गडी शूर होता.” परशरामची पत्नी पहिल्या रांगेत बसली होती. मी उठलो आणि त्याला थांबवले. चूक माझी होती, हे बॅटरीच्या लाल टोकासकट सांगितले. 

ती माझ्याजवळ आली. “त्यांचा हात चुकायचा न्हाय, हे मला ठाऊक हुतं,” ती म्हणाली. “साब, एवढं सांगायला लई वरसं लावलासा.”

 

नाईक परशराम, बोट टू. त्याने केलेली जोडणी १८३० वाजेपर्यंत चालली. छपरांवरचे शेवटचे माणूस उतरले, तेव्हाही पंप सुरू होता. दुसऱ्या खेपेला लान्स नाईकने ती शेळीही आणली.