पट्टा सोडला आणि पंगतीला बसलो

माझी शेवटची पोस्टिंग पठाणकोट. तिथून नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन यवतमाळला आलो आणि डाव्या गुडघ्याच्या जुन्या दुखापतीनं उचल खाल्ली. डॉक्टरांनी पट्टा दिला. चालण्यापुरता बांधा, मांडीचा व्यायाम रोज करा, म्हणाले. पहिला हुकूम मी जरा जास्तच पाळला, दुसरा विसरलो. वर्षभर अंघोळ आणि झोप सोडली तर पट्टा सुटला नाही. सगळा भार तोच उचलू लागला. बसून खाणाऱ्या जवानाचं पोट सुटतं. माझ्या मांडीचं उलटं झालं, ती वाळली.

राळेगाव तालुक्यात आमच्या पलटणीतल्या नाईक शंकरचं गाव. गस्तीवर असताना तो बर्फाखाली गेला. त्याच्या पुण्यतिथीला आई गावजेवण घालते. मी दरवर्षी जातो. एक लेक गेलेल्या बाईला माझा अधू पाय दाखवायचा नव्हता. यंदा पट्टा गाडीतच काढला आणि मांडी घालून पंगतीला बसलो.

गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. जेवण फर्स्ट क्लास. मग उठायची वेळ आली. मांडीनं हुकूम ऐकला नाही. पुन्हा दिला, पुन्हा तेच.

मानाचा माणूस उठल्याशिवाय तिथं पंगत उठत नाही. मानाचा माणूस मी. शंकरचा भाऊ विलास वाढत होता. त्याला वाटलं, माझं पोट भरलं नाही.

"भाऊ, अजून एक रोडगा?"

"वाढ."

शेजारी म्हातारे मास्तर बसले होते. "सुभेदार, मले गोळी घ्याची हाय. उठता का?"

"थांबा जरासे. वरण मस्त हाय."

दुसरी पंगत बाहेर ताटकळत होती. तिच्यातला एक म्हणाला, "फौजी लोकायचा खुराकच तसा असते."

तिसऱ्या रोडग्यानंतर प्लॅन केला. हात जमिनीवर टेकायचे, वळायचं, उठायचं. अर्ध्या वाटेत मांडी थरथरली आणि मी मास्तरांच्या ताटात बसलो.

आई आली. तिनं माझा पाय चाचपून पाहिला.

"कवापासून?"

"वर्ष झालं."

"मले काहून नाही सांगतलं?"

मी पँटवरचं वरण पुसू लागलो. तिनं एक हात धरला, विलासनं दुसरा. मला उठवताना ती कण्हली.

"शंकरनं तुले पाठीवर घेऊन पहाडावरून खाली आणलं म्हणे. कसं आणलं असन रे त्यानं? केवढा जड हायेस तू."

पंगत हसली. मीही हसलो, आणि हसताहसता मला रडू आलं. तेव्हा मोडला तो हाच गुडघा. मी इस्पितळात पडलो होतो, म्हणून पुढच्या गस्तीवर माझ्या जागी शंकर गेला. आईला हे ठाऊक आहे. त्याच्या फोटोसमोर जाईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.