रायनच्या जागेवर

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एकनाथ हरदासांचा मुलगा बर्फावरची हॉकी खेळून पोट भरतो, हे तिथल्या मराठी मंडळात कुणाला पटकन पटायचं नाही. "ते ठीक आहे हो, पण नोकरी कुठे करतो?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. एकनाथराव नागपूरहून आलेले मेकॅनिकल इंजिनिअर. ते घसा खाकरून म्हणायचे, "हेच करून राहिला. हीच नोकरी." आणि बटाटेवड्यांच्या टेबलाकडे वळायचे.

शार्दूललाही ती नोकरीच वाटायची. लहानपणी घरामागच्या गोठलेल्या तळ्यावर तो स्केट्स घालून धडपडत शिकला, हॉकीच्या जोरावर कॉलेजात शिरला, तोवर मजा होती. २००१ साली पदवी घेऊन तो इंडियानातल्या एका लहान गावाच्या संघात पगारी खेळाडू झाला, आणि मजा हळूहळू आटत गेली.

या खेळात वर मोठी लीग, टीव्हीवर दिसणारी. तिच्याखाली दुसरी लीग, तिथे वरचे संघ आपले राखीव खेळाडू तयार ठेवतात. वर कुणी जखमी झालं की खालून एकाला बोलावतात. त्याच्याही खाली तिसरी लीग. शार्दूल तिसऱ्या लीगमध्ये होता आणि त्याचं काम बचावपटूचं. समोरून सुसाट येणाऱ्याला अंगावर घ्यायचं, काठाच्या फळ्यांवर दाबून धरायचं. पक, म्हणजे ती रबराची टणक काळी चकती, गोलाकडे सुटली की मध्ये पाय, बरगडी, जे काही आड येईल ते घालायचं. गोल करणं त्याच्याकडून कुणाला अपेक्षितच नव्हतं. सामना संपला की बर्फाच्या पिशव्या अंगाला बांधून बसमध्ये बसायचं आणि पुढच्या गावी जायचं.

पहिल्याच वर्षी, न्यूयॉर्कचे मनोरे पडल्याला महिना झाला असेल-नसेल, प्रेक्षकांतून ओरडा यायला लागला, "घरी जा, घरी जा!" त्याचं घर तिथून गाडीनं तीन-चार तासांवर होतं. पहिल्या वेळी त्याला हसू आलं. पुढे-पुढे गाव कुठलंही असो, तोच ओरडा, तेच शब्द; त्याला फक्त कंटाळा यायला लागला. संघातले त्याला हरदासवरून 'हार्डी' म्हणत. शार्दूल हे नाव त्यांच्या जिभेला झेपत नव्हतं, आणि त्यानंही कधी आग्रह धरला नाही.

दोन वर्षांनी तो दुसऱ्या लीगमध्ये चढला, मिशिगनमधल्या संघात. तिथे त्याची जोडी रायनशी लागली. बचावपटू जोडीनं उतरतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. रायन मिनेसोटाचा, बडबड्या, पायानं चपळ. तो पुढे झेपावायचा आणि शार्दूल मागची मोकळी जागा धरून ठेवायचा. प्रवासात दोघांची खोली एक. रायनला टीव्ही चालू ठेवून झोपायची सवय, शार्दूलला अंधार लागायचा. शेवटी टीव्हीवर टॉवेल टाकून तोडगा निघाला. रायनच्या बायकोला, केलीला, मुलगी झाली, तेव्हा ती बातमी घरच्यांच्याही आधी शार्दूलला कळली, कारण फोन वाजला तेव्हा रायन अंघोळ करत होता.

२००४ च्या हिवाळ्यात मोठी लीग मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वर्षभर बंद पडली. वरचे तरुण खेळाडू खाली उतरले, आणि त्यांच्या धक्क्यानं खालचे आणखी खाली. शार्दूल पुन्हा इंडियानात, पुन्हा त्याच जुन्या बसमध्ये. रायन मात्र टिकला. त्या वर्षी शार्दूलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढचे दोन दात गेले. मालिनीताई, त्याची आई, फोनवर एवढंच म्हणाल्या, "जेवतोस ना रे वेळेवर?" दातांचं त्यानं सांगितलंच नव्हतं.

बरं म्हणावं असं त्या काळात एकच घडलं. अस्मिता भेटली. ती पुण्याहून फिजिओथेरपीच्या पुढच्या शिक्षणासाठी आलेली, मैत्रिणींनी ओढून मॅचला आणलेली. तिला खेळातलं काही कळलं नाही, पण एक माणूस लंगडत जाऊन पुन्हा बर्फावर उतरतो, हे तिनं पाहिलं आणि पाठीवरचं 'हरदास' वाचून, मॅच संपल्यावर त्याला गाठून सरळ मराठीत विचारलं, "तुझा गुडघा कोणी बघतंय का?" मराठी मुलगी आपल्याला मराठीत रागावतेय, याचं त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर दिलं. २००५ च्या उन्हाळ्यात लग्न झालं. तिला नेपरव्हिलमध्येच नोकरी लागली, डोक्याला मार लागलेल्या, पक्षाघात झालेल्या पेशंटना पुन्हा चालायला शिकवायची. शार्दूल परत मिशिगनला गेला, रायनच्या शेजारी. सीझनभर नवरा-बायकोचा संसार फोनवर.

२००७ च्या जानेवारीत रायनला मार बसला. फळ्यांजवळ पाठमोरा असताना कुणीतरी धडक दिली, डोकं फळ्यांच्या वरच्या काचेवर आपटलं. तो लगेच उठला, खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डग नावाच्या ट्रेनरला हात दाखवून 'ठीक आहे' म्हणाला आणि खेळला. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या नाश्त्याला तो काळा चष्मा लावून आला.

"कालची मॅच कुणाशी होती रे?" त्यानं विचारलं.

शार्दूलनं सांगितलं. पाव संपायच्या आत रायननं पुन्हा तेच विचारलं.

शार्दूल बाहेर पार्किंगमध्ये गेला आणि अस्मिताला फोन लावला. तिनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"त्याला एका पायावर उभं कर," ती म्हणाली. "डोळे मिटून. बघ काय होतं ते."

खोलीत आल्यावर त्यानं रायनला तसं उभं केलं. रायनला गंमत वाटली. त्यानं डोळे मिटले, एक पाय उचलला आणि तोडलेल्या झाडासारखा पलंगावर पडला. पडल्या-पडल्या हसत होता. मग हसू थांबलं.

"हार्डी, तू डगला सांगणार नाहीस ना?"

शार्दूलनं त्याला हात देऊन उठवून बसवलं.

"या आठवड्यात वरच्या संघाचे लोक बघायला येतायत. त्यांचा एक बचावपटू जखमी आहे. या वेळी मला नेणार, कोचनं स्वतः सांगितलंय. मी एकतीसचा झालोय, यार. पुन्हा कोण विचारणार मला?"

"उलट्या होतायत ना तुला?"

"एकदाच झाली."

"रायन, पुन्हा डोक्याला लागलं तर?"

"तर ते माझं डोकं आहे," रायन म्हणाला, आणि तोंडावर टॉवेल ओढून झोपला.

दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल ट्रेनरला सांगायचं नाही, हा ड्रेसिंग रूमचा कायदा. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण शार्दूलनं स्वतः तुटक्या बोटानं, सुजलेल्या घोट्यानं तो पाळला होता आणि इतरांनी त्याच्यासाठी पाळला होता. त्यानं अस्मिताला पुन्हा फोन केला. ती काही ठरवून देईल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "माझ्याकडे येतात ना, त्यांना स्वतःच्या मुलांची नावं आठवत नाहीत. मी एवढंच सांगू शकते. त्या टीममध्ये तुला राहायचंय, मला नाही."

सकाळी प्रॅक्टिसच्या आधी त्यानं डगला सांगितलं. डगनं रायनला बोलावलं, तपासलं आणि घरी पाठवलं. जाताना रायन शार्दूलजवळून गेला, पण त्यानं वर बघितलं नाही.

पुढचं काही शार्दूलच्या डोक्यातही आलं नव्हतं. दोनच दिवसांनी कोचनं त्याला केबिनमध्ये घेतलं.

"वरून फोन आला. तू जायचंस."

"मी?"

"रायनला मागितलं होतं त्यांनी."

"दुसरं कुणी नाही का?"

"दुसरं कुणी असतं तर तुझ्याशी बोलत बसलो असतो का?" कोच वैतागून म्हणाला.

शार्दूल सामान भरायला गेला तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये पत्ते रंगले होते. कुणी अभिनंदन केलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. फक्त एकजण पत्ते पिसत म्हणाला, "चांगला हिशेब केलास, हार्डी." त्यानं बॅगेची चेन ओढली. हिशेब केला नव्हता, हे सांगून खरं वाटलं नसतं. त्याचं त्यालाही तेव्हा पुरतं खरं वाटत नव्हतं. आतल्या एखाद्या कोपऱ्यात आपल्याला हे ठाऊक होतं का, असं त्यानं विमानात बसून स्वतःला विचारलं आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

वर गेल्यावर पहिला सामना घराजवळ शिकागोतच होता; त्याचा नवा संघ तिथे पाहुणा. मालिनीताईंनी सगळ्यांना फोन केले. मंडळाचं हळदीकुंकू पुढे ढकललं गेलं, आणि आयुष्यात कधी हॉकी न बघितलेली माणसं स्वेटरवर कोट, कोटावर शाल अशी वरच्या रांगेत येऊन बसली. मंडळाच्या गुरुनाथकाकांनी शेजारच्या अमेरिकन माणसाला विचारून-विचारून नियम समजून घेतले आणि मग ते चुकीचे करून इतरांना सांगितले. शार्दूल बर्फावर उतरला तेव्हा वरून आरोळी आली, "शार्दूल! शार्दूल!" नीट, मराठीत, लांब दू काढून. रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या त्या मैदानावर, त्या नावानं त्याला आजवर कुणी हाक मारली नव्हती. त्याला वर बघायचं होतं. पण बघितलं असतं तर समोरचा निसटला असता.

तो थोडाच वेळ खेळला. या लीगचा वेग वेगळा होता. पक दिसायच्या आधी कानाशी आवाज व्हायचा. एकदा गोल होणारच होता, तो आडवा पडला आणि पक घोट्याच्या हाडावर बसली. तो सरपटत उठला, लंगडत बाकावर आला. शेजारच्यानं त्याच्या हेल्मेटवर टप्पल मारली. बाकी काही नाही. डाव्या बाजूनं पुढे झेपावणारा, त्याच्या सवयीचा माणूस तिथे नव्हता, आणि तो दर वेळी मागची जागा धरायला चुकीच्या बाजूला सरकत होता.

संघ हरला. बाहेर पडल्यावर मालिनीताईंनी त्याला सगळ्यांसमोर कुशीत घेतलं, गुळपोळ्यांचा डबा दिला आणि त्या गुरुनाथकाकांचा मोबाइल मागून नागपूरला बहिणीला फोन लावायला निघाल्या. एकनाथराव मागे राहिले. मुलाच्या चालीकडे बघत होते.

"पाय दुखून राहिला?"

"हो."

"तेवढंच नाही दिसत. खुश नाही का तू?"

शार्दूलनं सांगितलं. रायनचं सगळं; मराठी अपुरी पडली तिथे इंग्रजीत. बाप थंडीत उभा राहून ऐकत होता.

"मग, बरोबर केलं की चुकलं?" एकनाथराव म्हणाले.

"आय डोन्ट नो, बाबा."

एकनाथरावांनी बराच वेळ कानटोपी सारखी केली. "मलाही नाही समजत," ते म्हणाले. "पण आज आईला नको सांगू. इतक्या वर्षांनी खुश झाली बिचारी. होऊ दे."

आणखी एक सामना झाला, वरचा जखमी बचावपटू बरा झाला आणि शार्दूल खाली परतला. मोठ्या लीगमधली त्याची कारकीर्द तेवढीच. मिशिगनमध्ये त्याच्याशी बोलणं बंद होतं, म्हणजे कामापुरतं चालू होतं. रायन मार्चपर्यंत घरी बसला. मग त्यानं दुसऱ्या संघाशी करार केला. पुढच्या हिवाळ्यात कळलं की पाचव्या-सहाव्या सामन्यात त्याला पुन्हा तसाच मार बसला आणि त्यानं खेळ सोडला. बातमी सांगणारा तोच पत्ते पिसणारा होता. तो शार्दूलच्या शेजारी बसून बुटांच्या नाड्या बांधत राहिला. "आम्हाला वाटलं होतं..." म्हणाला आणि उठून गेला. आपण खरे ठरलो याचा आनंद शार्दूल स्वतःत शोधत होता. सापडला नाही. उलट वाटलं, आपण सांगितलं ते एकदाच. पुढचं थांबवायला आपण तिथे नव्हतो.

२००८ च्या एप्रिलमध्ये त्यानं स्केट्स काढले. निरोप-बिरोप काही झाला नाही. कोचनं हात मिळवला, डगनं गुडघ्याला बांधायचं एक जास्तीचं पॅड दिलं. नेपरव्हिलजवळच्या एका रिंकवर त्याला काम मिळालं. बर्फ सांभाळायचा, प्रौढांना स्केटिंग शिकवायचं. अस्मिताबरोबर रोज एकत्र जेवायची सवय दोघांना नव्यानं लावावी लागली. पहिले दोन महिने तो दुपारी झोपायचा, लहान बाळासारखा, आणि ती त्याला उठवायची नाही.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी भर दुपारी फोन आला. अस्मितानं घेतला. ती इंग्रजीत हळू बोलायला लागली, पेशंटशी बोलते तसं. उजेड, आवाज, गोळ्या, मिनियापोलिसमधल्या एका डॉक्टरचं नाव. मुलीच्या रडण्यानं डोकं फुटायला होतं, तर त्या वेळी काय करायचं. शार्दूल ओट्याशी उभा होता. कोण आहे, हे त्याला पहिल्या दोन वाक्यांतच कळलं. तिनं बराच वेळ समजावून सांगितलं, मग फोन ठेवला.

"रायन होता," ती म्हणाली. "त्याला माझ्याशीच बोलायचं होतं."

"माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"मी विचारलं, देऊ का शार्दूलला. म्हणाला, आज नको."

"आज नको?"

"हो. तेवढंच म्हणाला."

शार्दूलनं मान हलवली. रिंकवर तीनची बॅच होती. त्यानं जॅकेट चढवलं, गाडीवरचा बर्फ खरवडला आणि निघाला.