हात दिसले पाहिजेत

बाई कुणालाच हाक मारत नसत. राहाता गावातल्या माझ्या स्टुडिओत त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर एका लग्नाचा व्हिडिओ एडिट करत बसलो होतो. बाहेरून धप्‌ धप्‌ आवाज आला. स्टँड पडला की काय म्हणून धावत आलो, तर पन्नाशीच्या अलीकडची एक बाई काउंटरसमोर उभी राहून उजवा पाय फरशीवर आपटत होती. मला बघून ती ओशाळली. "सवय हो, भाऊ. आमच्या घरात हाक मारून उपेग न्हाई. आईला जन्मापास्नं ऐकू येत न्हाई. पाय आपटला की जमिनीतनं तिला कळतं."

जवळच्याच एका वस्तीवरच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. मूळच्या जामखेडच्या. वर्गात फळ्यासमोर अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण शाळेचं फाटक ओलांडलं की हाय-न्हाई सुरू. बोलताना त्यांचे दोन्ही हात सतत चालत. बाजारात वांगी घेतानाही ‘वांगी’ हा शब्द आधी बोटांतून निघायचा आणि मग तोंडातून. म्हणून गावात त्यांना सगळे ‘खुणांच्या बाई’ म्हणत. त्यांना ते आवडायचं.

त्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक जुना कॅमेरा काढला. शाळेतल्या एका सरांनी नवा घेतला म्हणून त्यांचा जुना यांनी घेतलेला. त्यातला व्हिडिओ त्यांनी मला दाखवला. खाटेवर उशांना टेकून बसलेली एक म्हातारी. चेहरा बरा दिसत होता, पण हातांच्या जागी नुसता पांढुरका धूर.

"हितं आई ‘पेरू’ म्हणतीय," बाई म्हणाल्या. "तुमाला पेरू दिसतोय का?"

मला काहीच दिसत नव्हतं. मोबाईलवरचा व्हिडिओही तसाच होता. मी समजावून सांगितलं, की खोलीत उजेड कमी आहे, म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढ्यात हललेली बोटं फराटतात. मोठ्या तोंडाची, जास्त उजेड आत घेणारी लेन्स हवी. तिलाच आम्ही फास्ट लेन्स म्हणतो. बाईंनी हे सगळं आधीच वाचलेलं होतं. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की त्यांच्या ऐपतीतली कुठली आणि किती लवकर मिळेल.

"एवढी घाई?" मी विचारलं.

आईला स्नायूंचा आजार झाला होता. डाव्या अंगठ्यापासून सुरू झालेला, आता मनगटापर्यंत आलेला. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे थांबणारं नाही. आई कधी शाळेत गेली नव्हती. शिकवतात त्या खुणा तिला येत नव्हत्या. तिच्या खुणा तिनेच घरात केलेल्या, आणि वडील गेल्यापासून त्या जाणणारी माणसं दोनच उरली होती, ती स्वतः आणि बाई.

"लोक आयुष्यभर तिला मुकी म्हणले," बाई म्हणाल्या. "ती मुकी न्हवती, भाऊ. आता होतीय."

मी मुसलमान घरातला, लग्नांचे व्हिडिओ काढून पोट भरणारा माणूस. एवढ्या वर्षांत कुणी माझ्यापुढे असं काम ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, लेन्स कशाला, मी माझा एलईडी दिवा घेऊन येतो, फुकट. गेलोही. दिवा लावला आणि आईने डोळे मिटून घेतले. बाईंनी लगेच बटण बंद केलं. "दिव्यामागं मी तिला दिसत न्हाई. मी दिसले न्हाई तर तिनं बोलायचं कुणाशी?" मग मी म्हटलं, खाट अंगणात घेऊ. बाईंनी नकारार्थी मान हलवली. बाई लहान असताना आई हातवारे करायला लागली की गल्लीतली पोरं नक्कल करत. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर तिचे हात पदराखाली असत. म्हणजे ती खोली, तिची एक खिडकी आणि दुपारचा उजेड, एवढंच आमच्या हातात होतं.

रविवारी आम्ही नगरला गेलो. दुकानदाराने पन्नास एमएमची लेन्स समोर ठेवली. "डोळे झाकून ही घ्या, ताई. हिच्याइतकं स्वस्त काही नाही. मागचं सगळं असं ब्लर होतं, एकदम लोणी!"

"मला मागचं न्हाई, पुढचं पायजे," बाई म्हणाल्या. खोलीच्या भिंतीपासून खाटेपर्यंतचं अंतर त्यांनी पावलांनी मोजून आणलं होतं. दुकानात तेवढ्याच अंतरावर मला कॅमेरा देऊन उभं केलं आणि स्वतः समोर बसून खुणा करू लागल्या. पन्नासमध्ये चेहरा सुंदर यायचा, पण हात वर गेले की चौकटीच्या बाहेर. चोवीसमध्ये हात मावत होते, पण तिचं तोंड लहान, उजेड कमी, बोटं पुन्हा फराटलेली. शेवटी पस्तीसची एक वापरलेली निघाली. दुकानदारच संकोचून म्हणाला, "हिची मोटर करकरते. व्हिडिओत आवाज येतो. म्हणून कुणी नेत नाही."

बाई खळखळून हसल्या. त्यांना एवढं हसताना मी तेव्हाच पाहिलं. "आमच्या घरात आवाजाला कोन इचारतं?"

मग रोज सकाळची शाळा सुटली की त्या मला घ्यायला येत, आणि आम्ही खिडकीचा उजेड जाईपर्यंत शूटिंग करत असू. पहिल्याच दिवशी नवं संकट समजलं. लेन्स पूर्ण उघडली की फोकस इतका पातळ होई, की चेहरा स्वच्छ असला तरी पुढे आलेला हात धूसर. हातावर फोकस धरला तर चेहरा जाई. मी म्हटलं, हात महत्त्वाचे ना, हातच धरू. बाई एकदम चिडल्या. "भुवई वर गेली तर तो प्रश्न असतो. भुवई खाली असली तर रागावणं. नुसते हात म्हंजे अर्धं वाक्य." तेव्हा लेन्स थोडी मिटून, फोकस हाताने मधे कुठेतरी धरून, दोन्ही कसंबसं सांभाळायचं. त्यासाठी लख्ख ऊन हवं. त्या आठवड्यापासून मी सकाळी उठल्याबरोबर आभाळाकडे बघायला लागलो.

आई मोठी गमतीची होती. जामखेडसाठी ती जिभेने ओठ पुसायची, कारण तिकडे पाणी नाही. उसाच्या पट्ट्यातल्या देवळाली प्रवरेसाठी दातांनी ऊस सोलायची. लेकीचं नाव म्हणजे कानावर दोन बोटं, ‘ऐकणारी’. तिसऱ्या दिवशी तिने एक डोळा मिटून माझ्याकडे बोट केलं. बाई म्हणाल्या, "घ्या, तुमचं बारसं झालं."

पण प्रत्येक दुपारी काहीतरी कमी झालेलं असे. काल दोन हातांनी केलेली खूण आज एका हाताने. पेरूसाठी परवा वळलेली मूठ आज वळत नसे. बाईंनी वहीत शब्दांची यादी केली होती. आधी देवधर्म, सणवार, नातीगोती अशी क्रमाने होती. मग क्रम सोडून त्या घाईघाईने काहीही विचारू लागल्या. मीठ. पाऊस. बाबा. माझा जन्म. आई थकून मान फिरवायची आणि बाई पुन्हा पाय आपटायच्या. एकदा त्यांनी इतक्या जोरात पाय आपटला, की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून उभ्या राहिल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "चालू करा."

शेवटच्या दिवशी आभाळ भरून आलं. उजेड उरलाच नव्हता. मी लेन्स पूर्ण उघडली. आईचा उजवा हात तेवढा कोपरातून उचलत होता, तोही कुठे जाईल याचा नेम नव्हता. म्हणून मी बाईंना म्हटलं, "बाई, तुम्ही इकडे या. स्क्रीनवर बघून सांगा, हात चौकटीत आहे का. मी फोकस सांभाळतो." त्या माझ्याशेजारी येऊन छोट्या स्क्रीनवर वाकल्या. तेवढ्यात आईने लेकीकडे बघितलं आणि हात पुढे केला. क्षणभरच. मग हात गोधडीवर पडला. बाईंनी वर बघितलं तोवर संपलं होतं. त्यांनी विचारलं, पुन्हा विचारलं. आई नुसती बघत राहिली. त्यानंतर तो हात उठला नाही, आणि महिन्याभरात आईही गेली.

दहावं झाल्यावर बाई स्टुडिओत आल्या. आम्ही एकेक क्लिप लावली. बऱ्याचशा चांगल्या आल्या होत्या. बाई प्रत्येकीचा अर्थ सांगत, मी फाइलला नाव देत असे. मग ती शेवटची लागली. चेहऱ्यावरची सुरकुती न्‌ सुरकुती स्वच्छ, आणि हाताच्या जागी ढग.

"परत," बाई म्हणाल्या. मी परत लावली. हळू करून लावली. थांबवून, मोठी करून लावली. तळहात वर असेल तर ‘ये’. खाली असेल तर ‘पुरे कर’. तळहात कुठे होता तेच कळत नव्हतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मीच तुम्हाला स्क्रीनकडे बघायला लावलं."

"व्हय," त्या म्हणाल्या.

मी चाचरत म्हणालो, "बाई, ‘ये’च असेल. आईच ती. ‘ये’ असं नाव देऊ?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "न्हाई. ती काय म्हणली असंल त्याचा लोकांनी जन्मभर अंदाजच केला. भूक लागली असंल, राग आला असंल. तिला कुनी परत इचारलंच न्हाई. आता मीबी तेच करू?"

पुढच्या महिन्यात त्यांची जामखेडकडे बदली झाली. जाताना लेन्स घेऊन गेल्या. त्या क्लिपांची एक प्रत त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली आहे. एवढ्या सगळ्या फाइलींना एकेका शब्दाचं नाव आहे. शेवटचीला मात्र त्यांनी अख्खं वाक्य सांगितलं होतं, मी टाईप करत होतो आणि त्या शेजारी बसून एकेक अक्षर तपासत होत्या:

‘आई काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही.’